‘चौघीजणी’ पुन्हा वाचताना



जुलैच्या पावसात, तेही रविवारी, भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत तुम्ही इथवर आलात, त्याबद्दल आधी आभार मानते. रविवारी लोणावळ्याचा माणूस सहसा घराबाहेर पडत नाही, हे मला ठाऊक आहे. मी इथलीच. वडील रेल्वेत होते. कर्जतपासून गाडीला मागून रेटत घाट चढवणारं बँकर इंजिन इथे सुटायचं, आणि कुठल्या गाडीचं बँकर सुटलं त्यावरून आमच्या घरात वडिलांचा डबा कधी भरायचा ते ठरायचं.

या व्याख्यानाचं नक्की करायला एक तरुण मुलगी घरी आली होती. तिनं विचारलं, ‘‘मॅडम, विषय काय लिहू?’’ मी म्हटलं, ‘‘मुलींची पुस्तकं.’’ ती म्हणाली, ‘‘म्हणजे बालसाहित्य.’’ मी म्हटलं, नाही गं. आपण शाळकरी वयात वाचलेली पुस्तकं म्हातारपणी पुन्हा उघडली की काय होतं, त्याबद्दल मला बोलायचंय. तिनं वहीत लिहून घेतलं, ‘आठवणी’. (हशा) म्हणजे पहिल्याच पायरीवर घोटाळा. मी आठवणी सांगायला आलेले नाही. थोड्या येतील, त्याला इलाज नाही.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. साहित्याची मी अधिकृत माणूस नाही. पण पुनर्वाचनाचा प्रश्न मुळात आमच्याच खात्यातला आहे, असं माझं मत आहे. वेदान्ताच्या वर्गात एक जुनं उदाहरण असतं. फार पूर्वी एका गावी देवदत्त नावाचा माणूस पाहिलेला असतो. पुष्कळ वर्षांनी तो दुसऱ्याच गावी समोर येतो, आणि आपण म्हणतो, ‘तो हा देवदत्त.’ आता ‘तो’ म्हटलं की त्यात जुना काळ आला, जुनी जागा आली. ‘हा’ म्हटलं की आजचा काळ, आजची जागा. या दोन गोष्टी एकत्र नांदणार कशा? मग वेदान्ती सांगतात, दोन्हीकडचा काळ सोडा, दोन्हीकडची जागा सोडा, आणि उरतो तो माणूस धरा. काही सोडायचं, काही ठेवायचं. याला त्यांनी जहदजहल्लक्षणा असं नाव दिलंय. शब्द विसरलात तरी चालेल, परीक्षा नाही.

हे पुस्तकाला लावून पाहा. ‘तेच हे पुस्तक’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपण काय सोडतो आणि काय ठेवतो?

बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. काळ आणि जागा घट्ट धरून ठेवतात आणि देवदत्ताला सोडून देतात. कंदील आठवतो, कौलांवरचा पाऊस आठवतो, ‘चांदोबा’च्या कागदाचा वास आठवतो, बुधवारी रात्री आठला शेजाऱ्यांच्या रेडिओवर लागणारी ‘बिनाका गीतमाला’ आठवते. पुस्तकात काय होतं, असं विचारलं की मात्र, ‘‘फार छान होतं हो, तशी पुस्तकं आता येत नाहीत.’’ याला आपण स्मरणरंजन म्हणतो. रंजन झालं खरं, पण पुस्तक उघडलंच नाही.

दुसरी तऱ्हा माझ्या विद्यार्थिनींची, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं माझीही. ही मंडळी पुस्तक उघडतात, नीट वाचतात आणि त्याच्यावर खटला भरतात. यात बाईला सोशिक दाखवलंय, यात मुलीला दुय्यम ठेवलंय, हे आमच्या डोक्यात कुणी भरलं? आरोप पुष्कळदा खरे असतात. ते मागे घ्या असं मी म्हणणार नाही. पण या खटल्यात एक साक्षीदार कधीच बोलावला जात नाही. ते पुस्तक ज्या मुलीनं वाचलं, ती. तिला गृहीत धरतात. तिच्यावर संस्कार झाले म्हणतात, जणू ती ओली माती होती आणि पुस्तकानं तिच्यावर ठसा उमटवला. तिनं स्वतः त्या पुस्तकाचं काय केलं, हे कुणी विचारत नाही.

नैयायिकांच्या मते स्मृती हे प्रमाण ज्ञान नव्हे. प्रत्यभिज्ञा मात्र, म्हणजे ‘हे तेच’ ही ओळख, ते प्रत्यक्षात धरतात, कारण वस्तू समोर असते. तेव्हा नियम सोपा आहे: पुस्तक समोर आणायचं. मी गेल्या वर्षी आणलं. शांता शेळके यांचं ‘चौघीजणी’ आणि शेजारी लुइझा मे अल्कॉटचं मूळ इंग्रजी पुस्तक. एका पावसाळ्यात दोन्ही ओळीनं वाचून काढली. इथल्या पावसाळ्यात दुसरं करण्यासारखं असतं काय?

हे पुस्तक का निवडलं, तेही सांगते. आमच्या वाचनालयात दोन कपाटं होती. मोठ्यांचं एक आणि मुलांचं एक. मुलांच्या कपाटात साने गुरुजी होते, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ होता, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. त्या कपाटाला ‘मुलांचं’ म्हणत, आणि ते खरंच मुलग्यांचं होतं. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली, पण गोट्या ज्याच्या त्याच्या तोंडी आणि चिंगी कुणाला विचारावी लागे. आम्ही मुली तक्रार न करता फुरसुंगीच्या बनेशबरोबर सायकलवरून धावत सुटायचो. मला स्वतःला त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं. राम वाईरकरांच्या चित्रातला तो काटकुळा पोरगा मी अगदी आपला मानला होता. मुलगी मुलग्याच्या जागी सहज जाऊन बसते, मुलगा मुलीच्या जागी बसत नाही. अजूनही नाही. आमच्या नातवाला ‘चौघीजणी’ दिलं, तर त्यानं मुखपृष्ठ बघूनच परत केलं.

‘चौघीजणी’ हे असं एकच जाडजूड पुस्तक होतं, की ज्यात मुलीच मुली होत्या. त्या भांडत होत्या, जळफळत होत्या, नाटकं बसवत होत्या.

आधी नावाबद्दल बोलते, कारण लहानपणी माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. इंग्रजी नावाचा अर्थ होतो छोट्या स्त्रिया. हे शब्द कादंबरीत बापाच्या पत्रातून येतात. युद्धावर गेलेला बाप घरी पत्र लिहितो, मुलींनी आपले दोष जिंकावेत, म्हणजे परत आल्यावर आपल्याला आपल्या या छोट्या स्त्रियांचा अधिकच अभिमान वाटेल. म्हणजे नावातच उमेदवारी आहे. तुम्ही अजून पूर्ण नाही, व्हायचंय, आणि झालात की नाही ते बाप येऊन बघणार आहे.

शांताबाईंनी काय केलं? ‘चौघीजणी’. त्यात छोटेपणा गेला, होऊ घातलेलं बाईपणही गेलं. नुसती मोजणी उरली. ‘जणी’ हा शब्द आपण कुठे वापरतो बघा. ‘‘आम्ही चौघीजणी विहिरीवर गेलो होतो.’’ ‘‘तिघीजणी आल्या, एक राहिली.’’ बायका आपल्याआपल्यात स्वतःला मोजतात तेव्हाचा तो शब्द आहे. त्याला बाप लागत नाही. शीर्षक बापाच्या पत्रातून उचललं आणि मुलींच्या ओसरीवर आणून ठेवलं. अनुवाद म्हणजे शब्दाला शब्द, असं मानणाऱ्यांनी या एका शब्दाचा विचार करावा. शांताबाईंनी हे ठरवून केलं की कवयित्रीच्या कानाला तेच बरं वाटलं, त्यात मी शिरत नाही. आम्ही मात्र पुस्तक हातात घेतलं ते त्या नावानं.

आता ज्यो. चौघींमधली दुसरी, लिहिणारी, दांडगट, मुलगा झाले असते तर बरं म्हणणारी. हे पुस्तक वाचलेल्या दहा बायकांना विचारा, तुम्ही कोण होतात? नऊ जणी म्हणतील ज्यो. दहावी लाजून म्हणेल बेथ. मेग आणि ॲमी कुणालाच व्हायचं नसतं, आणि पुढे आयुष्यात आपण बहुतेक मेग होतो.

पुनर्वाचनात मला ज्योच्या बाबतीत एक गोष्ट दिसली आणि मी पुस्तक मिटून बसले. या कादंबरीत दोन वेळा लेखन जळतं. पहिली वेळ सगळ्यांना आठवते. धाकटी ॲमी रागाच्या भरात ज्योनं कष्टानं लिहिलेली वही जाळून टाकते. घरात हलकल्लोळ होतो. ज्यो तिला क्षमा करायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी नदीवर बर्फ पातळ आहे हे माहीत असून ती ॲमीला सावध करत नाही, आणि ॲमी बर्फ फुटून पाण्यात पडते, मरता मरता वाचते. हा प्रसंग आम्हाला तोंडपाठ होता. वही जाळणं हा केवढा गुन्हा!

दुसरी वेळ मला अजिबात आठवत नव्हती. ज्यो मोठी होते, न्यूयॉर्कला जाते, पोटासाठी वर्तमानपत्रांना सनसनाटी गोष्टी लिहून देते. खून, विष, सूड, असलं सगळं. पैसे मिळतात. तिथे तिला प्राध्यापक बेअर भेटतात. भला माणूस, जर्मन, दाढीवाला, पुस्तकांत बुडालेला. असल्या गोष्टींबद्दल ते आपली नापसंती बोलून दाखवतात. त्यांचा रोख तिच्यावर आहे असं ते उघड म्हणतही नाहीत. ज्यो खोलीवर येते, आपल्या गोष्टी परत वाचते, लाजेनं लाल होते आणि सगळा गठ्ठा शेगडीत घालते.

या वेळी कुणी रडत नाही. नदीवरचा बर्फ फुटत नाही. उलट हिची प्रगती झाली असा सूर आहे. बहिणीनं जाळलं तर गुन्हा, प्राध्यापकाच्या एका वाक्यासरशी स्वतः जाळलं तर संस्कार. आणि गंमत पुढेच आहे. खुद्द अल्कॉटबाईंनी ए. एम. बर्नार्ड या टोपणनावानं अगदी तसल्याच गोष्टी लिहिल्या होत्या. त्या पुढे संशोधकांनी शोधून काढल्या, १९७५ साली त्यांचा एक संग्रह निघाला, आणि आता लोक त्या आवडीनं वाचतात. म्हणजे लेखिकेनं आपल्या नायिकेकडून जाळून घेतलं, पण स्वतःचं छापून घेतलं होतं.

मी स्वतः प्राध्यापक. आमच्याकडे एक मुलगी एम.ए.ला होती, कामशेतच्या बाजूची. ती मासिकांना रहस्यकथा पाठवायची. एकदा तिनं एक मला वाचायला दिली. मी ती वाचून परत केली आणि म्हटलं, तुझी बुद्धी चांगली आहे, कांट वाच. त्यानंतर तिनं मला काही दाखवलं नाही. तिनं लिहिणं सोडलं की मला दाखवणं सोडलं, ते मला कळलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्या शेगडीच्या पानावर मी तीन दिवस अडकले, ते यामुळे.

ज्योच्या लग्नाबद्दल फार बोलत नाही, सगळे त्यावरच बोलतात. पहिला भाग १८६८ साली आला, तो गाजला, वाचक मुलींची पत्रं येऊ लागली की ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशी लावा. अल्कॉटला तिला अविवाहित लेखिका ठेवायचं होतं. १८६९च्या दुसऱ्या भागात तिनं चिडून लग्न लावलं, पण लॉरीशी नाही, या बेअरशी. २०१९ साली ग्रेटा गर्विगनं चित्रपट केला, त्यात तिनं शेवटी ज्योला प्रकाशकाशी घासाघीस करताना दाखवलंय: लग्न लावते, पण पैसे वाढव. माझ्या मुलीला तो शेवट फार आवडला. मला चतुर वाटला. चतुर आणि चांगलं यात फरक असतो, असं म्हणून मी पुढे जाते.

बेथ. गुणी, लाजरी, पियानो वाजवणारी. गरीब शेजाऱ्यांच्या आजारी पोराला बघायला जायचं असतं. मोठ्या दोघी त्या दिवशी कारणं सांगतात, बेथ जाते आणि ताप घेऊन येते. त्या दुखण्यातून उठते, पण पुढे खंगत जाऊन मरते. आम्ही ढसाढसा रडलो होतो. आणि त्याच सुमाराला आम्ही आणखी एका मुलीसाठी रडलो होतो, ती शितू.

गो. नी. दांडेकर इथून पाच स्टेशनं पलीकडे, तळेगावला राहायचे. मावळ त्यांनी पायाखाली घातलेला. राजमाचीवरचा बुधा त्यांचा, पवनाकाठचा धोंडी त्यांचा. शितू मात्र कोकणातली. बालविधवा, पांढऱ्या पायाची म्हणून गावानं ओवाळून टाकलेली, आणि मनानं इतकी स्वच्छ की वाचणाऱ्यालाच आपली लाज वाटावी. तीही कादंबरीच्या शेवटी उरत नाही. मॅसॅच्युसेट्सची बेथ आणि कोकणची शितू, दोघींत काही साम्य नाही, ना देश, ना धर्म, ना काळ. पण दोन्ही लेखकांना एक प्रश्न पडलेला दिसतो: इतक्या चांगल्या मुलीचं पुढे करायचं काय? जगू दिली तर तिला मोठी बाई व्हावं लागेल, रागवावं लागेल, कुणाला तरी नाही म्हणावं लागेल. मग ती इतकी चांगली कशी राहणार?

हा खटला मी पूर्वी वर्गात अनेकदा चालवलाय. त्यागी मुलीचं मरण सुंदर करून दाखवणं हा मुलींवर अन्याय आहे, वगैरे. आजही तो आरोप मी मागे घेत नाही. पण त्या वयात आम्ही रडलो ते बेथसारखं व्हावं म्हणून नव्हे, हेही मला पक्कं माहीत आहे. आम्हा मुलींना बेथ व्हायची इच्छा नव्हती. नऊ जणी ज्यो होत्या, हे आत्ताच म्हटलं. आम्ही बेथसाठी रडून घेतलं आणि ज्योच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो.

रडण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा मी नाक मुरडणाऱ्यांत होते. वर्गात त्याची टिंगलही केली. पवन मावळातून येणारी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, माझ्या आईनं तीनदा बघितला. ती म्हणते, तीन तास रडलं तरी कुणी विचारत नाही, काय झालं म्हणून.’’ सिनेमा वाईटच होता, माझं मत कायम आहे. पण त्या बाईनं त्या वाईट सिनेमाचा काय उपयोग करून घेतला, हे माझ्या टीकेत कुठेच बसत नव्हतं.

भोंडल्याचंही तसंच. पाटावर हत्ती काढून, फेर धरून आठ-नऊ वर्षांच्या पोरी जी गाणी म्हणत, त्यांतला मजकूर आज वाचा. सून माहेरी जायचं विचारते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला तर म्हणे, कारली येऊ देत. ती आली तर म्हणे, भाजी कर. अर्जावर अर्ज आणि प्रत्येक टेबलावर नवी हरकत. ही तर सरकारी कचेरी झाली! आम्ही ते टाळ्या पिटत, हसत म्हणायचो आणि खिरापत काय ते ओळखण्यात आमचं निम्मं लक्ष असायचं. आज कुणी म्हणेल, लहान मुलींना सासुरवासाचं शिक्षण देत होते. देत असतील. पण हसत होतो ना आम्ही? ज्या छळाला हसता येतं, तो छळ आहे हे कळल्याशिवाय हसू येत नाही.

आता ज्या पानासाठी मी हा सगळा फेरा घातला, तिथे येते.

ॲमीला पाण्यातून काढलंय, ती झोपलीय. ज्यो पश्चात्तापानं आईजवळ येते. म्हणते, माझ्या रागाचं काय करू? आणि आई, ती शांत, हसतमुख, सगळ्या घराचा आधार असलेली आई सांगते की मलाही असाच राग होता. चाळीस वर्षं मी तो घालवायचा प्रयत्न करते आहे, आणि मला फक्त तो आवरता आलाय. आयुष्यात जवळजवळ रोज मला राग येतो, पण तो दिसू न देणं मी शिकले आहे. आता तो मनात येऊच नये, हे शिकायचंय. त्याला कदाचित आणखी चाळीस वर्षं लागतील. ज्योला मग आठवतं, बाबा कधी कधी ओठावर बोट ठेवायचे, तेव्हा आई ओठ घट्ट मिटून बाहेर जायची. आई सांगते, हो, मी त्यांना माझी मदत करायला सांगितलं होतं.

हे वाचून मी हादरले. याच्यावर खटला भरायचा नाही तर कशावर? बाईनं रोज राग गिळायचा, नवऱ्यानं बोट दाखवून आठवण करायची, आणि हे ज्ञान मुलीला वारसा म्हणून द्यायचं.

यामागे खरी हकीकत काय आहे, तीही बघा. लुइझाचा बाप ब्रॉन्सन अल्कॉट तत्त्वज्ञ होता, इमर्सनचा मित्र. १८४३ साली त्यानं मित्रांबरोबर फ्रूटलँड्स नावाची आदर्श वसाहत काढली. प्राण्यांना राबवायचं नाही, प्राण्यांपासून मिळणारं काही खायचं नाही, आत्म्याची उन्नती करायची. पुढच्या जानेवारीपर्यंत सगळं मोडलं. लुइझानं नंतर त्यावर एक उपहासकथा लिहिली. त्यात कापलेलं धान्य शेतात पडलंय, वादळ येतंय, पुरुष मंडळी कुठल्या तरी वैश्विक कामाला गेलीत, आणि आई पोरांना घेऊन चादरी-टोपल्यांतून धान्य घरात आणते. तत्त्वज्ञानात पीएच.डी. केलेल्या माणसानं हे वाचायचं आणि पुढच्या रविवारी व्याख्यानाला उभं राहायचं, म्हणजे... असो. (हशा)

आणि हसताना आपला भंडारा डोंगर विसरू नका. इंदोरीजवळचा, आपल्याच मावळातला. तुकोबा तिथे जाऊन बसत आणि आवली भाकरी घेऊन डोंगर चढत असे. तिच्या पायात काटा मोडला आणि विठ्ठलानं तो काढला, अशी कथा आपण ऐकत आलो. तुकोबांच्या थोरवीला यानं काही बाध येत नाही. मला इतकंच म्हणायचंय, की त्या बाईला परंपरेनं कजाग ठरवून टाकलं. तिचा राग आपल्याला माहीत आहे, पण तिची बाजू तिच्या तोंडून आपण ऐकलेली नाही. अल्कॉटच्या कादंबरीत निदान आई मुलीपाशी बसून सांगते, की मी रोज रागावलेली असते.

सगळ्यात विचित्र गोष्ट अशी, की हे पान मला आठवतच नव्हतं. शेगडी आठवली नाही, ते समजू शकते. तो भाग पुढचा, मोठ्यांचा. पण हे बर्फाच्या प्रसंगाच्या लगेच मागचं पान. बर्फ आठवतो, ओले कपडे आठवतात आणि आई काय म्हणाली ते कोरं. मी माझ्या शास्त्राप्रमाणे कारणं जुळवली. मुलीला आईचा राग बघायचा नसतो, म्हणून मनानं ते दडपलं असेल. निबंधही मनात तयार झाला होता.

मग मी आक्काला फोन केला.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मॅट्रिक झाली आणि तिचं लग्न झालं. शिकायची तिची फार इच्छा होती, ते इथे नको. ‘चौघीजणी’ मी पहिल्यांदा वाचलं नव्हतं, ऐकलं होतं. पावसाळ्यात संध्याकाळी दिवे गेले की आक्का कंदिलापाशी बसून मोठ्यानं वाचायची, आम्ही धाकट्या दोघी ऐकायचो. मी तिला फोनवर ते पान वाचून दाखवलं आणि म्हटलं, ‘‘आक्का, हे मला कसं आठवत नाही गं?’’

ती म्हणाली, ‘‘तुला कसं आठवेल? मी वाचलंच नव्हतं. गाळलं होतं.’’

‘‘का?’’

‘‘आई पलीकडे भाकऱ्या थापत होती ना. ऐकत होती ती.’’

सोळा-सतरा वर्षांची मुलगी. समोर येणारं पान डोळ्यानं आधी वाचून, ते कुणाला लागेल हे ओळखून, आवाज न बदलता ओलांडून पुढे गेली. माझ्या निबंधातली दडपणारी मुलगी घरात नव्हतीच. मी विचारलं, ‘‘आईला कळलं नाही?’’

‘‘न कळायला काय झालं? दुसऱ्या दिवशी म्हणाली, काल मध्ये थांबलीस कुठे? मी पुस्तक दिलं तिच्या हातात. दुपारी वाचत बसली होती.’’

आमची आई चौथी शिकलेली. हातात पोथी सोडून दुसरं पुस्तक घेतलेली मला ती आठवत नाही.

‘‘काय म्हणाली मग?’’

‘‘काही नाही. पुस्तक फळीवर ठेवून दिलं. मी संध्याकाळी उघडलं तर ते पान दुमडलेलं होतं.’’

वाचनालयाच्या पुस्तकाचं पान दुमडायचं नाही, हे आम्हाला आईनंच शिकवलं होतं.